हिवाळाभर उभा राहणारा कॅम्पर आणि त्यातली लिथियम बॅटरी

तुमचा प्रश्न मला असा समजला. छोट्या कॅम्परमधली (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतली) जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी काढून तुम्ही यंदा १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवली आहे. छतावर १२० वॉटचं सोलर पॅनेल आहे. गाडी आता चार महिने उघड्यावर उभी राहणार आणि रात्री पारा उणे १० अंशांपर्यंत उतरणार. जुन्या बॅटरीला तुम्ही हिवाळाभर चार्जर लावून ठेवत होता. आता तेच चालू ठेवावं, सोलरच्या भरवशावर सोडावं, की बॅटरी काढून घरात आणावी?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. बॅटरी घरात आणता आली तर उत्तम. गाडीत ठेवलीत तरी चालेल. पण दोन्ही बाबतींत ती साधारण अर्धी भरलेली असू दे आणि चार्जर, सोलर, गाडीतली उपकरणं यांपैकी काहीही तिला जोडलेलं नको.

तुम्ही विचारलंत की बॅटरी भरलेली कशी ठेवायची. कॅम्परची वायरिंग करायला लागून मला चौदा वर्षं झाली आणि लेड-अ‍ॅसिडवरून लिथियमवर आलेला जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो. लेड-अ‍ॅसिडने आपल्याला तशी सवयच लावली आहे. ती थोडी जरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, दिवसेंदिवस ते टणक होत जातं आणि क्षमता कायमची घटते. शिवाय रिकाम्या बॅटरीतलं आम्ल पातळ झालेलं असतं, त्यामुळे उणे १० च्या आसपास ते गोठू शकतं. म्हणून तिला सतत थोडं थोडं पाजत राहणं हाच शहाणपणा होता.

लिथियमला सल्फेटचा त्रास नाही. अर्धवट भरलेली राहिली म्हणून तिचं काही बिघडत नाही, उलट पडून राहायचं असेल तर तीच तिची सगळ्यात आरामाची अवस्था. पूर्ण भरून महिनोन् महिने ठेवली तर आतल्या रासायनिक क्रियांमुळे ती जरा लवकर म्हातारी होते. उष्णतेत हा परिणाम जास्त होतो, थंडीत कमी, पण फायदा काहीच नसताना तो का सोसायचा? आपली आपण ती महिन्याला साधारण २ ते ३ टक्केच उतरते. चार महिन्यांत १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कोणी तिच्या वाटेला गेलं नाही तर ६० टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी वसंतात ५० टक्क्यांवर सापडेल.

कोणी वाटेला गेलं नाही तर, हे महत्त्वाचं. हिवाळ्यात उभ्या गाडीत तिच्या वाटेला जाणारे दोन असतात: थंडीत तिला भरू पाहणारा आणि गुपचूप तिला रिकामी करणारा. तुमच्या गाडीत दोघेही हजर आहेत.

आधी भरणाऱ्याबद्दल, कारण त्याने केलेलं नुकसान भरून येत नाही. कॅम्परमध्ये बसवतात त्या बहुतेक लिथियम बॅटऱ्या लोह-फॉस्फेट प्रकारच्या असतात, एलएफपी म्हणतात त्या. पण थंडीची अडचण लोह-फॉस्फेटच्या बाजूची नाही, समोरच्या ग्राफाइटच्या बाजूची आहे. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. पारा शून्याखाली गेला की हे शिरणं फार मंदावतं. चार्जर मात्र मागून आयन ढकलतच असतो. मग ते दाराशी तुंबतात आणि आत जाण्याऐवजी ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातू होऊन चिकटतात. त्यातला बराचसा भाग पुन्हा कधी कामाला येत नाही. हे वारंवार झालं तर त्या धातूचे काटे वाढतात आणि सेलच्या आत शॉर्ट होण्याचा धोका उभा राहतो.

यातलं काहीच बाहेरून कळत नाही. वास नाही, फुगवटा नाही, मीटरवर व्होल्टेज नेहमीसारखं. उन्हाळ्यात कधीतरी लक्षात येतं की फ्रिज पूर्वी दोन रात्री चालायचा, तो आता दीडच रात्र चालतो.

वीज काढून घेताना आयन उलट दिशेने जातात, त्यामुळे ही भानगड होत नाही. बहुतेक उत्पादक उणे २० पर्यंत वापराला परवानगी देतात. म्हणूनच लोकांची फसगत होते. कडाक्याच्या थंडीत दिवे लागले, पंप चालला, म्हणजे बॅटरीला थंडी सोसते असं वाटतं. सोसते, पण खर्च होताना. भरताना नाही.

आता तुमच्या छतावरचं पॅनेल. रात्री उणे ८ होतं. सकाळी निरभ्र आभाळ, नऊ वाजता पॅनेलवर ऊन आलं. काचांमधून ऊन आत येतं आणि तासाभरात आतली हवा ८-१० अंशांवर जाते. थर्मामीटर बघून तुम्ही म्हणाल, आता ठीक आहे. पण बॅटरी म्हणजे सीटखालच्या पेटीत बसलेला अकरा-बारा किलोचा ठोकळा. रात्रभर गार झालेला हा ठोकळा तापायला कित्येक तास घेतो. हवा ८ अंश असताना सेल अजून उणे ३ वर असू शकतात आणि पॅनेल त्याच वेळी जोमाने करंट देत असतं. हिवाळ्यातला स्वच्छ उन्हाचा दिवस सगळ्यात वाईट, कारण आदल्या रात्रीची थंडीही सगळ्यात जास्त असते.

यावर मला लगेच सांगितलं जातं, की बीएमएस (सेलवर नजर ठेवून गरज पडली तर बॅटरीचं कनेक्शन तोडणारं आतलं सर्किट) आहे ना, तो अडवेल. इथे मात्र तुमच्याकडे काय आहे त्यावर उत्तर ठरतं. काही बॅटऱ्यांच्या बीएमएसमध्ये कमी तापमानाला चार्जिंग तोडण्याची सोय असते, काहींत नसते. खोक्यावर ‘बीएमएससहित’ लिहिलं आहे एवढ्यावर समजून जाऊ नका. डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचं तांत्रिक माहितीपत्रक, उघडा आणि चार्जिंगसाठी कमी तापमानाच्या संरक्षणाची स्वतंत्र ओळ शोधा. ती ओळ नसेल तर सोय नाही असंच धरा. आणि असली तरी मी तिला फ्यूजसारखी मानते. फ्यूज शेवटच्या क्षणी वाचवण्यासाठी असतो, रोज दिवा बंद करायला आपण तो उडवत नाही. चार महिने रोज सकाळी बीएमएसने पॅनेलला अडवावं अशी व्यवस्था मी कोणालाही करून देत नाही.

काही उत्पादक शून्याखाली अगदी थोड्या करंटने चार्ज करायला परवानगी देतात. तुमच्या डेटाशीटमध्ये तसा आकडा असेल तर तो पाळा, नसेल तर अंदाजाने ‘हळूहळू भरतो’ म्हणू नका. बॅटरी हीटरवाली असेल तर हिशेब थोडा बदलतो. अशा बॅटरीत आलेला करंट आधी सेल तापवायला वापरला जातो आणि ते साधारण ५ अंशांच्या वर गेले की चार्जिंग सुरू होतं. हिवाळ्यात प्रवास करणाऱ्यांना ती फार सोयीची. पण उभ्या गाडीवर १२० वॉटचं पॅनेल हिवाळ्यातल्या छोट्या दिवसात जे काही मिळवतं, त्यातलं बरंचसं तापवण्यातच जाईल. उभ्या गाडीत हीटर बंदच ठेवा.

एक बाजू बहुतेकांच्या लक्षातून सुटते. तुमच्याकडे गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिन चालताना वीज तयार करतो तो) ही लिथियम बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर असेल, तर महिन्यातून एकदा ‘इंजिन जरा फिरवू या’ म्हणून किल्ली फिरवलीत की तोही कामाला लागतो. सोलरपेक्षा कितीतरी मोठ्या करंटने. त्याचा फ्यूज काढून ठेवा, किंवा सुरू होण्याचा सिग्नल देणारी वायर सोडवून ठेवा.

आता दुसरा, रिकामी करणारा. गेल्या काही वर्षांत हिवाळ्यानंतर माझ्याकडे ‘मेलेली लिथियम’ म्हणून आलेल्या बॅटऱ्यांत थंडीपेक्षा याचे बळी जास्त होते.

एक उदाहरण सांगते. एका छोट्या कॅम्परच्या मालकांनी जाताना मुख्य स्विच बंद केला होता, मुद्दाम पुन्हा येऊन खात्रीही केली होती. तीन महिन्यांनी टर्मिनलवर मीटर लावला तर ०.४ व्होल्ट. मी त्यांच्यासमोर सीटखालची फळी काढली. बॅटरी तात्पुरती जिवंत करून, मुख्य स्विच बंद ठेवूनच, निगेटिव्ह वायरमध्ये मीटर सिरीजमध्ये लावला: ६२ मिलिअँप. मग आम्ही दोघं खाली वाकून शोधत राहिलो. दाराजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गॅसच्या अलार्मचा बारीक हिरवा दिवा जळत होता. बसवणाऱ्याने तो मुख्य स्विचच्या आधीच्या बाजूला जोडला होता. त्यात चूक काही नाही, सुरक्षेचं उपकरण स्विचने बंद पडू नये म्हणून तसं करतात. सोलर कंट्रोलरही (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंग सांभाळतो तो) असाच थेट बॅटरीला जोडलेला होता, त्याचा थोडा वाटा होता.

६२ मिलिअँप ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला ते दीड अँपिअर-अवर होतात. तुमची १०० ची बॅटरी अर्धी भरून ठेवलीत तर तेहतीस दिवसांत तळ. पूर्ण भरून ठेवलीत तरी सदुसष्ट दिवस. तुम्हाला काढायचे आहेत एकशेवीस. आणि इन्व्हर्टर चुकून स्टँडबायवर राहिला तर बोलायलाच नको: मोठा इन्व्हर्टर नुसता जागा राहायला अर्धा ते एक अँपिअर खातो, अर्धी बॅटरी चार दिवसांतही संपू शकते.

म्हणून ‘मुख्य स्विच बंद केला’ यावर माझा विश्वास नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरची वायर प्रत्यक्ष सोडवलेली असेल, तरच ती सुटी आहे. फक्त एक लक्षात ठेवा, अलार्म बंद आहे म्हणजे गॅसची टाकीही बंद हवी आणि त्या काळात गाडीत कोणी झोपायचं नाही.

आता मी प्रत्यक्षात काय करते ते क्रमाने. गाडी उभी करायच्या आधी, हवा १० अंशांच्या वर असलेला दिवस निवडते आणि बॅटरी लिथियमच्या सेटिंगवर पूर्ण भरते, १४.२ ते १४.६ व्होल्टमध्ये डेटाशीट सांगेल तिथपर्यंत. भरल्यावर लगेच चार्जर काढत नाही, दोन-तीन तास राहू देते. आतले चार सेल एकमेकांशी बरोबरीला आणण्याचं काम बीएमएस बहुधा वरच्या व्होल्टेजलाच करतो आणि त्याला तो वेळ लागतो. शंट मीटर (बॅटरीत किती करंट गेला-आला ते मोजून टक्के दाखवणारा) असेल तर त्यालाही याच वेळी १०० टक्क्यांचा खरा बिंदू मिळतो.

मग ती मोजून खर्च करते. फ्रिज, दिवे, काहीही चालेल. ६० वॉटचा भार साधारण साडेचार अँपिअर घेतो, नऊ तासांत चाळीसेक अँपिअर-अवर जातात आणि बॅटरी ६० टक्क्यांवर येते. व्होल्टेज बघून अर्ध्यावर आणू नका. या रसायनाचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं. भार काढून काही तास विश्रांती दिल्यावर पूर्ण भरलेली १३.३-१३.४ च्या आसपास असते आणि अर्धी १३.१ च्या आसपास. एवढ्याशा फरकात साधा मीटर सहज चुकतो. भरून मोजून काढणं हाच भरवशाचा मार्ग.

सोडवायचा क्रम महत्त्वाचा. आधी सोलर पॅनेल, मग बॅटरी. पॅनेल जोडलेलं आणि बॅटरी काढलेली अशा अवस्थेत बऱ्याच कंट्रोलरना इजा होऊ शकते. पॅनेलला वेगळा ब्रेकर नसेल तर त्यावर जाड कापड टाकून मगच कनेक्टर सोडवा, उन्हात करंट चालू असताना ओढलात तर ठिणगी पडते. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर, शेवटी पॉझिटिव्ह. पाना हातात घेताना अंगठी आणि घड्याळ काढा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. लिथियमचे टर्मिनल चुकून जोडले गेले तर शेकडो अँपिअर वाहतात. सोडवल्यावर दोन्ही टर्मिनलवर टेप लावते आणि बॅटरीवरच कागद चिकटवते: तारीख, टक्के, व्होल्टेज. चार महिन्यांनी तो कागद फार उपयोगी पडतो.

घरात आणावी का? उणे १० ला सुटी बॅटरी गाडीत राहिली तर बिघडू नये, साठवणुकीची खालची मर्यादा बहुतेक ठिकाणी उणे २० च्या आसपास असते. तुमचा आकडा डेटाशीटमध्ये बघा. पण तुमची एकच बॅटरी आहे आणि उचलण्यासारखी आहे. मी असते तर काढून आणली असती, कारण घरात ती कोरड्या जागी, १० ते २० अंशांत राहते आणि मधेच कधी भरावी लागली तर सुरक्षितपणे भरता येते. थंड गाडीतून आत आणल्यावर तिच्यावर दव धरतं, ते पूर्ण सुकेपर्यंत, निदान अर्धा दिवस, तिला काही जोडू नका. हीटरशेजारी ठेवू नका, झोपायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या वाटेवर तर नकोच.

तुमचा जुना चार्जर या बॅटरीला लावू नका. दोन कारणं आहेत. सल्फेट काढण्यासाठी तो अधूनमधून १५ व्होल्टच्या वर जाणारा टप्पा चालवत असेल तर तो इथे घातक. आणि लेड-अ‍ॅसिडचे बरेच चार्जर थंडी वाढेल तसं व्होल्टेज वाढवतात, दर अंशाला साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट. २५ अंशांना १४.४ देणारा चार्जर शून्य अंशाला १५ च्या आसपास देतो. लेड-अ‍ॅसिडला ते हवं असतं. लिथियमच्या चार सेलमध्ये वाटलं तर मात्र ते दर सेलच्या ३.६५ व्होल्ट या मर्यादेच्या वर जातं. पण तो चार्जर टाकूनही देऊ नका. इंजिनची स्टार्टर बॅटरी बहुधा अजून लेड-अ‍ॅसिडच असेल. तिला हिवाळाभर भरलेलं राहायचंच आहे आणि तिच्यासाठी तो अगदी योग्य आहे.

हिवाळ्यात मधूनमधून कॅम्पर वापरायचा असेल तर सगळं सोडवून ठेवता येणार नाही हे मान्य. तेव्हा आधी आतून गाडी तापवा, बॅटरीची पेटी उघडी ठेवा म्हणजे गरम हवा तिथवर पोचेल, आणि सेलचं तापमान ५ अंशांच्या वर गेल्याचं बीएमएसच्या अ‍ॅपमध्ये दिसेपर्यंत चार्जिंग सुरू करू नका. अ‍ॅप नसेल तर बॅटरीच्या बाजूला चिकटवलेला साधा सेन्सरही चालतो, फक्त तो पेटीतल्या हवेचं नव्हे तर बॅटरीच्या अंगाचं तापमान घेईल असा लावा.

हिवाळ्याच्या मध्यावर एकदा मीटर लावून बघा. १३.१ च्या आसपास असेल तर झाकून ठेवा. १२.८ च्या खाली आली असेल तर कुठेतरी वीज जाते आहे, आधी ते शोधा. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. घरात आणा, पूर्ण उबेला येऊ द्या आणि मग भरा.

आणि मीटरने शून्य दाखवलं तर घाबरून टाकून देऊ नका. बहुतेक वेळा बीएमएसने स्वतःहून दार बंद केलेलं असतं, आत सेल जिवंत असतात. लिथियमसाठी बनवलेल्या काही चार्जरमध्ये अशा बॅटरीला जागं करण्याची सोय असते, ती वापरा. पण जागी झाल्यावर एखादा सेल २ व्होल्टच्या खाली दिसला तर तिथेच थांबा. इतका खाली गेलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळायला लागलेला असू शकतो आणि तो सेल पुन्हा भरणं धोक्याचं असतं. वर सांगितलेल्या कॅम्परमधली बॅटरी वाचली, कारण चारही सेल २.५ च्या आसपास अडले होते. अजून दोन महिने तशीच राहिली असती तर वाचली नसती.

वसंतात क्रम उलटा: आधी बॅटरी, मग पॅनेल. दिवस उबदार निवडा, पूर्ण भरा, शंट मीटरला पुन्हा १०० वर आणा. गाडीतच ठेवून फक्त स्विच बंद केला असेल तर मीटरचा जुना टक्का खरा मानू नका, कारण बरेच मीटर अगदी लहान करंट मोजतच नाहीत आणि नेमका तोच करंट हिवाळाभर वाहत असतो.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. एक, डेटाशीटमधलं चार्जिंगचं किमान तापमान. दुसरी, सगळं बंद केल्यावर निगेटिव्ह वायरमध्ये मोजलेला करंट. मोजताना मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवा आणि इन्व्हर्टरची वायर आधी बाजूला काढा, नाहीतर त्याचे कपॅसिटर भरताना मीटरचा फ्यूज उडेल. हे दोन आकडे कळले की गॅसच्या अलार्मखेरीज आणखी काय जागं आहे ते आपण एकेक फ्यूज काढून शोधू.